धरणाचे पाणी आणि बोअरचे पाणी: पुण्याच्या नळातला जडपणा कुठून येतो?

पुण्याच्या पेठांमध्ये अनेक वर्षे राहिलेले कुटुंब वाघोली, उंड्री किंवा सूससारख्या भागातील नव्या इमारतीत राहायला गेले की पहिल्या दोन-तीन महिन्यांत घरात काही तक्रारी हमखास सुरू होतात. नळाच्या तोट्यांवर पांढरे डाग पडतात, स्टीलचे पेले घासूनही धुरकट दिसतात, साबणाला फेस येत नाही, चहावर तवंग धरतो आणि तूरडाळीला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त लागतात. वर्षभरात गीझर दुरुस्तीला येतो आणि दुरुस्ती करणारा माणूस कॉइलवर चढलेला पांढरा थर दाखवून सांगतो, की पाणीच तसे आहे. मग पुण्याचे पाणी बिघडले असे घरात ठरते आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांची चौकशी सुरू होते. शहर तेच असले तरी नव्या घरात येणारे पाणी बहुधा निराळे असते, ही गोष्ट मात्र या सगळ्या चर्चेत सहसा निघत नाही.

पुण्याचे नळाचे पाणी म्हणून ओळखले जाणारे पाणी हे प्रत्यक्षात दोन अगदी वेगळ्या स्वभावांच्या पाण्यांचे कमीअधिक मिश्रण असते. एक सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे, धरणात साठवलेले पाणी. दुसरे जमिनीखालच्या खडकातून बोअरवेलने उपसलेले पाणी. आपल्या तोटीतून यांपैकी कोणते आणि किती येते हे कळल्याशिवाय जडपणाविषयी घेतलेला कोणताही निर्णय अंदाजानेच घेतलेला असतो.

जडपणा म्हणजे नेमके काय

शाळेच्या पुस्तकात आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी असे शब्द शिकलो होतो. साबणाला सहज फेस येतो ते सुफेन, येत नाही ते दुष्फेन. बोलीभाषेत दुष्फेन पाण्याला जड पाणी म्हणतात आणि तपासणीच्या अहवालात त्यालाच काठिण्य असा शब्द असतो. तिन्हींचा अर्थ एकच: पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियमचे आणि मॅग्नेशियमचे प्रमाण. सोडियम, पोटॅशियम यांसारखे इतर क्षारही पाण्यात असतात, परंतु ते कितीही वाढले तरी पाणी त्यामुळे खारट किंवा मचूळ लागेल, जड होणार नाही. खारे पाणी आणि जड पाणी यांची गल्लत फार होते, म्हणून हा फरक सुरुवातीलाच लक्षात ठेवलेला बरा.

साबणाचा एक रेणू म्हणजे तेलातले मेदाम्ल आणि सोडियम यांची जोडी. पाण्यात कॅल्शियम असेल, तर ते सोडियमला बाजूला सारून मेदाम्लाशी स्वतः जोडी जमवते आणि ही नवी जोडी पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या कडेला जमणारा राखाडी चोथा आणि अंगावर राहणारा चिकट थर तो हाच. पाण्यातले सगळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असे साबण खाऊन संपेपर्यंत फेस येत नाही, म्हणून जड पाण्यात साबण जास्त लागतो. कपड्यांच्या पावडरीत कॅल्शियमला बांधून ठेवणारी द्रव्ये मुद्दाम घातलेली असल्यामुळे तिला ही अडचण कमी येते.

डाळीचे गणितही याच जातीचे आहे. डाळीच्या दाण्यातील पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात. डाळ शिजते म्हणजे हे पेक्टिन सैल होऊन पेशी सुट्या होतात. पाण्यातले कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी घट्ट बांधते आणि दाणा टणक राहतो. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजवताना चिमूटभर खायचा सोडा टाकण्याची रीत अनेक घरांत होती. तिच्यामागे अचूक निरीक्षण होते, कारण सोडा पेक्टिन सैल करतो आणि कॅल्शियमचा काही भाग साक्याच्या रूपाने बाहेर काढतो.

काठिण्य मोजण्याचे एकक थोडे विचित्र वाटू शकते. पाण्यात कॅल्शियम असो वा मॅग्नेशियम, ते सगळे कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडीच्या रूपात असते तर किती भरले असते, ते प्रतिलिटर मिलिग्रॅममध्ये सांगतात. ढोबळमानाने ६० पर्यंत मृदू, ६० ते १२० मध्यम, १२० ते १८० जड आणि त्यापुढे अतिशय जड अशी विभागणी प्रचलित आहे. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंतचे पाणी चालवून घेता येते.

जडपणाचे दोन प्रकार असतात आणि घरातल्या अनेक घटनांचा उलगडा या भेदामुळे होतो. कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात असेल तर तो जडपणा तात्पुरता. पाणी तापले की बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो आणि मागे न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट साक्याच्या रूपाने उरते. पातेल्याच्या तळाशी आणि गीझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर असा तयार होतो. थंड पाण्याच्या टाकीत महिनोन्महिने न दिसणारा थर गीझरमध्ये काही आठवड्यांत दिसतो, याचे कारण हेच. सल्फेट किंवा क्लोराइडच्या रूपातला जडपणा मात्र उकळूनही जात नाही, म्हणून त्याला कायमचा जडपणा म्हणतात.

सह्याद्रीचे पाणी मृदू का

पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळी चार धरणांची आहे. मुठेवरचे टेमघर, मोसे नदीवरचे वरसगाव, आंबी नदीवरचे पानशेत आणि या तिघांचे पाणी ज्यात उतरते ते एकोणिसाव्या शतकात बांधलेले खडकवासला. चौघांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, भरतो. त्यात एकट्या खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीच्याही आत आहे, म्हणजे शहराला दिसणारे धरण हे खरे पाहता वरच्या तीन धरणांच्या पाण्याची वाटचालीतली टाकी आहे. शहराच्या पूर्व भागाला २०२१ पासून भामा-आसखेड धरणाचे पाणीही मिळते आणि शेजारच्या पिंपरी-चिंचवडची मुख्य भिस्त पवनेवर आहे. या सगळ्या धरणांचे पाणलोट एकाच घाटमाथ्यावर आहेत.

तेथे पाऊस धो धो कोसळतो. पुणे शहरात वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर टेमघरच्या परिसरात त्याच्या कित्येक पट. पावसाचे पाणी मुळात जवळजवळ क्षारविरहित असते. ते दगडातून क्षार किती उचलणार हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: दगड कसा आहे आणि पाणी त्याच्या सहवासात किती काळ राहते. घाटमाथ्याचा दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. त्याच्या घटक खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही भरपूर आहेत, परंतु ते चुनखडीच्या खडकासारखे चटकन विरघळत नाहीत. घाटातले पाणी तर तीव्र उतारांवरून काही तासांत, फार तर काही दिवसांत ओढ्यातून धरणात पोहोचते. दगडाशी ओळख होण्याआधीच ते पुढे निघून गेलेले असते. त्यामुळे खडकवासल्याच्या पाण्याचे काठिण्य सामान्यतः शंभराच्या आतच राहते. चुनखडीच्या प्रदेशांतून पाणी घेणाऱ्या जगातील अनेक शहरांना असे पाणी महागडी प्रक्रिया करून मिळवावे लागते. पुण्याला ते पाऊस आणि पाषाण यांच्या कृपेने आयते मिळाले आहे आणि मला ही शहराची मोठी ठेव वाटते.

आता शहराखालच्या भूजलाकडे पाहू. दगड तोच, बेसॉल्ट. येथे मात्र पाणी भेगांमधून आणि झिजलेल्या थरांमधून अतिशय सावकाश मुरते आणि महिने किंवा वर्षे दगडाच्या संगतीत राहते. मातीतून खाली जाताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि खनिजे झिजवण्याची त्याची ताकद वाढते. बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये कॅल्साइटचे स्फटिक असतात आणि मातीच्या थरात चुनखडे असतात. ते तर आणखी सहज विरघळतात. परिणामी बोअरच्या पाण्याचे काठिण्य दोनशेच्या वर सहज जाते आणि खोल, जुन्या बोअरमध्ये ते त्याहून बरेच पुढे जाऊ शकते. पाणी दोन्हीकडे पावसाचेच आणि खडकही एकच आहे. फरक फक्त सहवासाच्या काळाचा आहे.

शुद्धीकरण केंद्रात काय होते आणि काय होत नाही

खडकवासल्याहून पाणी पर्वती, वारजे, वडगाव, लष्कर यांसारख्या जलशुद्धीकरण केंद्रांत येते. तेथे त्यात तुरटी किंवा तिच्याच कुळातले पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड मिसळतात. मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना दूर लोटत असल्यामुळे एरवी खाली बसत नाहीत. तुरटीमुळे त्यांच्यावरचा विद्युतभार निष्प्रभ होतो, कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात आणि तळाशी बसतात. वरचे निवळलेले पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि शेवटी क्लोरीन दिले जाते. जुलैमध्ये धरणात लाल पाणी उतरते तेव्हा या सगळ्या यंत्रणेवर सर्वाधिक ताण येतो, कारण गढूळपणा जितका जास्त तितके जिवाणूंना मातीच्या कणांआड लपायला जास्त जागा.

या संपूर्ण प्रक्रियेत जडपणाला कोठेही हात लागत नाही. वाळू विरघळलेले क्षार गाळू शकत नाही आणि क्लोरीनचा त्यांच्याशी संबंध नाही. तुरटी तात्पुरत्या जडपणाचा किंचित भाग कायमच्या जडपणात बदलते, पण एकूण काठिण्य तेच राहते. धरणाचे पाणी मुळातच मृदू असल्यामुळे महापालिकेला जडपणा काढणारी यंत्रणा उभारण्याची गरज कधी पडली नाही.

मृदू पाण्यालाही एक खोड असते, ती येथेच सांगितली पाहिजे. किंचित जड पाणी लोखंडी नळाच्या आतून कॅल्शियमचा पातळ थर चढवते आणि धातूला गंजण्यापासून काहीसे वाचवते. मृदू पाणी हे संरक्षण देत नाही. जुन्या इमारतींतील जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळांतून सकाळी पहिल्यांदा तांबूस पाणी येते ते बहुधा रात्रभर नळात उभ्या राहिलेल्या पाण्याने उचललेल्या गंजामुळे. दोन मिनिटांत ते स्वच्छ होत असेल तर दोष घरच्या नळात आहे. पाणी दुधासारखे पांढरे आले आणि पेला ठेवल्यावर तळाकडून वरच्या दिशेने निवळत गेले, तर ती नुसती हवा असते. पुरवठा सुरू होताना रिकाम्या नळातली हवा दाबाखाली पाण्यात मिसळते. उलट पांढुरका साका खाली बसत असेल, तर मात्र कारण शोधले पाहिजे.

इमारतीच्या टाकीतील संगम

महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. वस्ती वाढली, इमारती उभ्या राहिल्या, जलवाहिन्या मात्र त्या वेगाने पोहोचल्या नाहीत. या भागांत आणि जुन्या हद्दीच्या कडेच्या भागांतही एकाच सोसायटीच्या तळटाकीत तीन प्रकारची पाणी पडतात: महापालिकेचे थोडा वेळ येणारे पाणी, सोसायटीच्या स्वतःच्या बोअरचे पाणी आणि टँकरचे पाणी. टँकर महापालिकेच्या केंद्रावर भरलेला असेल तर त्यात धरणाचेच पाणी असते, खासगी विहिरीवर भरलेला असेल तर भूजल. दोघांचा रंग आणि चव वरकरणी सारखीच असल्यामुळे सोसायटीच्या समितीलाही कित्येकदा फरक समजत नाही.

येथे टीडीएस मीटर हे स्वस्त साधन खरोखर उपयोगी पडते, फक्त ते ज्या कामासाठी विकले जाते त्या कामासाठी नाही. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दाखवते. समजा, महापालिकेच्या थेट नळाला आकडा ८० आला, सोसायटीच्या बोअरला ६०० आला आणि गच्चीवरच्या टाकीला २१०. दोन टोकांमध्ये फरक ५२०चा आणि टाकीचे पाणी खालच्या टोकापासून १३० वर चढलेले, म्हणजे टाकीत चतुर्थांश पाणी बोअरचे आहे. आठवडाभर रोज सकाळी हा आकडा लिहून ठेवला, तर टँकर कोणत्या दिवशी कुठून आला हेही कळू लागते. आकड्याच्या चढउताराचा अर्थ स्रोत बदलला एवढाच घ्यायचा. पाणी चांगले की वाईट याचा निवाडा त्यातून होत नाही.

नुसते काठिण्य घरी ताडून पाहायचे असेल, तर एका स्वच्छ बाटलीत पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी आणि दुसरीत नळाचे पाणी सारख्या मापाने घ्यावे, दोन्हींत अंगाच्या साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोराने हलवावे. पहिल्या बाटलीत दाट, टिकणारा फेस येतो. दुसरीत पाणी नुसते धुरकट झाले, तर ते जड आहे. शांपू किंवा कपड्यांची पावडर या चाचणीला चालत नाही, कारण त्यांना जड पाण्यातही फेस येतो. नेमका आकडा प्रयोगशाळेतच मिळतो आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेसह अनेक शासकीय व खासगी प्रयोगशाळा ही तपासणी करून देतात.

जड पाण्याने प्रकृतीचे काय होते

मुतखडा होतो, केस गळतात, हाडांवर थर बसतो, अशा अनेक समजुती आहेत आणि त्यांतूनच यंत्रांची विक्री होते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील काठिण्यासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही शरीराला लागणारीच द्रव्ये आहेत. मूत्रपिंडात खडा होण्याचा सर्वांत मोठा आणि टाळता येण्याजोगा धोका कमी पाणी पिणे हा आहे. निरोगी माणसाला जड पाण्यामुळे मुतखडा होतो हे सिद्ध झालेले नाही. ज्यांना आधीच खडे झाले आहेत त्यांनी पाणी किती आणि कसे प्यावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

त्वचेबाबत मात्र लोकांची तक्रार अगदी निराधार नाही. साबणाचा चोथा त्वचेवर राहतो, तिला कोरडी करतो आणि ज्या मुलांना इसबाचा त्रास आहे त्यांना जड पाणी अधिक जाचक ठरते असे काही अभ्यासांत आढळले आहे. केस राठ होतात तेही याच थरामुळे. टक्कल पडण्याचे खापर पाण्यावर फोडण्याला मात्र आधार नाही.

जडपणाचा खरा खर्च यंत्रांच्या आणि विजेच्या रूपाने होतो. रोज १०० लिटर पाणी तापवणाऱ्या घरात काठिण्य ५० असेल तर त्या पाण्यात दिवसाला ५ ग्रॅम चुनखडीइतका ऐवज असतो, आणि काठिण्य ४०० असेल तर ४० ग्रॅम. तो सगळाच गीझरमध्ये बसत नाही, पण वर्षाला साडेचौदा किलो ऐवज कॉइलजवळून जाणार असेल तर त्यातला थोडा अंश चिकटणेही पुरेसे असते. तो थर उष्णता अडवतो, कॉइल आतून जास्त तापते आणि शेवटी जळते. गीझरचे तापमान थोडे कमी ठेवले तरी थर बसण्याचा वेग कमी होतो. किटली, शॉवर आणि तोटीच्या जाळीवरचा थर लिंबूसत्वाच्या कोमट द्रावणात सहज सुटतो.

जे दिसत नाही ते

पुण्यासारख्या शहरात पाण्याची चर्चा जडपणापाशी येऊन थांबावी याची मला मनापासून काळजी वाटते. जडपणा डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, म्हणून त्याची तक्रार होते. ज्या पाण्याने माणसे आजारी पडतात ते पाणी मात्र कित्येकदा नितळ, चवीला चांगले आणि फेसाला उत्तम असते.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गुलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागोमाग आढळू लागले. या आजारात संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच चेतातंतूंवर उलटते आणि हातापायांतली शक्ती जाते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. त्यानंतर विहिरी, टँकर आणि जारमधून पाणी विकणारे खासगी आरओ प्रकल्प (पाणी दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून गाळून क्षार काढणारे) या सगळ्यांची तपासणी झाली आणि काही प्रकल्पांचे पाणीही दूषित आढळल्याने त्यांच्यावर कारवाई झाली. जिवाणू पाणी जड आहे की मृदू हे पाहत नाही. त्याला क्लोरीन नसलेली जागा हवी असते, आणि आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. जार अस्वच्छ असेल, तर त्या अतिशुद्ध पाण्यातही जिवाणू निवांत वाढतात.

दूषितीकरणाचा दुसरा मार्ग जलवाहिनीचा. पुरवठा दिवसातून काही तासच होतो तेव्हा उरलेल्या वेळात नळातला दाब शून्यावर येतो. त्यातच अनेकांनी नळाला थेट पंप लावलेले असले की काही ठिकाणी दाब शून्याच्याही खाली जातो आणि जेथे जोड ढिला आहे किंवा नळ फुटलेला आहे तेथून बाजूच्या ड्रेनेजचे पाणी आत ओढले जाते. शुद्धीकरण केंद्रातून निर्दोष निघालेले पाणी असे वाटेत बिघडते. चोवीस तास समान दाबाने पुरवठा करण्याचा आग्रह तज्ज्ञ धरतात तो मुख्यतः याच कारणासाठी. भरलेल्या, दाबाखालच्या नळातून गळती झालीच तर पाणी बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही.

म्हणून ग्राहकाने खरे पाहायचे ते तोटीपाशी उरलेले क्लोरीन. मानकानुसार तेथे प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन असले पाहिजे आणि १०० मिलिलिटर पाण्याच्या नमुन्यात ई. कोलाय हा जिवाणू अजिबात आढळता कामा नये. गावोगावी आरोग्य कर्मचारी करतात ती ओटी टेस्ट क्लोरीनसाठीच असते: नळीत पाणी घेऊन द्रावणाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. महापालिकेच्या पाण्यात उरलेले क्लोरीन सोसायटीच्या टाकीत बोअरचे पाणी मिसळल्यावर खर्ची पडते आणि हा मिश्रणाचा दुसरा, जडपणाहून गंभीर परिणाम आहे. बोअरच्या पाण्यात आसपासच्या ड्रेनेजमधून मुरलेले नायट्रेटही असू शकते. मानकात त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही, कारण लहान बाळांच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याच्या क्षमतेवर नायट्रेटचा परिणाम होतो. बोअरचे पाणी उकळले तर जिवाणू मरतात, नायट्रेट मात्र तसेच राहते, उलट पाणी आटल्याने थोडे दाट होते.

यंत्र घेण्यापूर्वी

घरी येणारे विक्रेते एक प्रयोग करून दाखवतात. नळाच्या पाण्यात दोन धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात आणि काही मिनिटांत पाणी तपकिरी, गाळाने भरलेले दिसते. आरओच्या पाण्यात तसे काही होत नाही. घरातली मंडळी घाबरतात. तो गाळ पाण्यातून निघालेला नसतो. विजेच्या प्रवाहाने कांडीचेच लोखंड झिजून त्याचा गंज पाण्यात उतरलेला असतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे वीज वाहत नाही, म्हणून कांडी झिजत नाही. हा प्रयोग पाण्याची वाहकता दाखवतो, अशुद्धता नव्हे. कोणी तो घरात करून दाखवू लागला, तर आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा करायला सांगावा.

ज्या घरात फक्त धरणाचे पाणी येते तेथे आरओची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे गाळणी आणि अतिनील किरणांचे यंत्र, किंवा नीट उकळणे, एवढे पुरते. शंभराच्या आतल्या क्षारांचे पाणी आरओतून काढणे म्हणजे चांगल्या पाण्यातली उपयुक्त द्रव्ये काढून टाकणे आणि पिण्याच्या एका लिटरमागे साधारण दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडणे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरावर बंदी आणण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले होते, ते याच विचाराने. जेथे बोअरचेच पाणी प्यावे लागते आणि अहवालात नायट्रेट किंवा क्षार मर्यादेबाहेर आहेत, तेथे आरओ योग्य आहे.

जडपणासाठीचे यंत्र वेगळे, ते सॉफ्टनर. त्यातल्या रेझिनच्या मण्यांवर सोडियम बसवलेले असते. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यावर बसते आणि सोडियम पाण्यात उतरते. काठिण्य १०० ने कमी झाले की सोडियम लिटरमागे ४६ मिलिग्रॅमने वाढते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांसाठी आणि बागेसाठी हे पाणी वापरू नये, पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढावा. शॉवरला बसवायच्या मुठीएवढ्या फिल्टरमध्ये जडपणा काढण्याइतके रेझिन मावत नाही आणि नळाभोवती चुंबक लावून जडपणा जातो या दाव्याला विश्वासार्ह पुरावा नाही.

रेझिन भरले की ते मिठाच्या पाण्याने धुवावे लागते आणि या हिशेबाकडे सोसायट्या फारशा पाहत नाहीत. शंभर घरे, प्रत्येकी रोज ५०० लिटर पाणी आणि काठिण्य ४०० धरले, तर दिवसाला २० किलो काठिण्य काढावे लागते. रसायनशास्त्राच्या हिशेबाने त्याला किमान २३ किलो मीठ लागते आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. टाकीत बोअरचा वाटा निम्मा केला आणि त्या जागी धरणाचे पाणी मिळवले तर मिठाचा वापरही जवळजवळ निम्म्यावर येतो, म्हणून सोसायटीने सॉफ्टनरची निविदा काढण्याआधी महापालिकेच्या वाढीव जोडणीसाठी पाठपुरावा करणे अधिक फायद्याचे ठरते. ड्रेनेजमध्ये सोडलेले हे मीठ मैलाशुद्धीकरण केंद्रात अडत नाही, कारण ती केंद्रे विरघळलेले क्षार काढण्यासाठी बांधलेलीच नसतात. ते मुळा-मुठेतून भीमेत उतरते, भीमेतून उजनीच्या धरणात जाते आणि उजनीतून सोलापूरच्या नळांना पाणी जाते.